घरात नेट आहे, पण कोणाच्या हातात?

"नेट? छे, मी नाही बाई नेट वापरत. व्हॉट्सॲप तेवढं बघते, आणि सकाळी यूट्यूबवर अभंग लावते." हे उत्तर घरोघरी ऐकू येतं. आपण हसतो आणि विसरून जातो. पण राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या सर्वेक्षकानं ते ऐकून 'नाही'पुढे खूण केली, तर त्या मावशी देशाच्या हिशेबात इंटरनेटबाहेरच्या ठरतात. शेजारच्या घरात मुलाच्या खिशात स्मार्टफोन असतो, म्हणून 'घरात इंटरनेट : आहे' अशी नोंद होते आणि त्या फोनला कधी हातही न लावलेली त्याची आई त्या 'आहे'मध्ये जाऊन बसते.

या आकड्यांवर आज पुष्कळ काही ठरतं. शाळाप्रवेश, पीकविमा, शिष्यवृत्ती, रेशनची केवायसी असं एकेक काम ऑनलाइन नेताना 'आता सगळ्यांकडे नेट आहे' हे गृहीत धरलेलं असतं. ते कुठून आलं आणि त्यात कोण सुटलं, हे पाहायचं तर आकड्यांविषयीचे काही पक्के गैरसमज आधी बाजूला करावे लागतात.

गैरसमज : 'देशात ९७ कोटी इंटरनेट ग्राहक आहेत, म्हणजे ९७ कोटी माणसं नेट वापरतात.'

मार्च २०२५ अखेर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, अहवालात इंटरनेट ग्राहकांची संख्या सुमारे ९७ कोटी होती. आकडा खरा आहे, पण तो जोडण्यांचा आहे, माणसांचा नाही. कंपन्या आपापल्या जोडण्या कळवतात आणि ट्राय त्यांची बेरीज करते. एकाच माणसाच्या फोनमध्ये दोन सिम आणि घरी वायफाय असेल तर तो तीनदा मोजला जातो. उलट एकाच फोनवर अख्खं घर चालत असेल तर बाकीचे मोजलेच जात नाहीत. त्याच सुमारास शहरी भारतात दर १०० माणसांमागे १३० च्या आसपास फोनजोडण्या होत्या आणि ग्रामीण भागात ६० च्या आसपास. शंभरांतली एकशे तीस माणसं फोन वापरू शकत नाहीत. माणसं मोजायची तर दारोदार जावं लागतं.

गैरसमज : 'मूठभर घरांत विचारून देशाचं काय कळणार? मला तर कोणी कधी विचारलं नाही.'

भात शिजला का हे पाहायला एकच शीत चाचपतात, पण आधी भात ढवळलेला असावा लागतो. नमुना सर्वेक्षणाचं सगळं शास्त्र या ढवळण्यात आहे. नमुना किती मोठा यापेक्षा तो कसा निवडला हे महत्त्वाचं.

१९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे लँडन जिंकणार असं भाकीत केलं. जिंकले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत. नावं मुख्यतः टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, आणि मंदीच्या त्या काळात फोन-मोटार असलेला माणूस म्हणजे अख्खी अमेरिका नव्हती. त्याहून कितीतरी लहान नमुना घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी विजेता बरोबर सांगितला.

आपल्याकडे हेच भान शेतातून आलं आणि त्यात साताऱ्याच्या मातीचा वाटा आहे. बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांचा अभ्यास केला. शेतातला छोटासा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून तोलायचं आणि त्यावरून जिल्ह्याचं उत्पादन काढायचं, अशी ती पद्धत. सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगतं. रेषेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी रेषेवरची रोपं प्रमाणानं जास्त. असे हजारो तुकडे कापले तरी चूक तशीच राहते, कारण प्रत्येक तुकडा एकाच दिशेला चुकतो. तुकडा केवढा असावा, यावरून संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात मोठा वाद झाला. १९५० मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण महालनोबिस यांच्या पुढाकारातून उभं राहिलं.

इंटरनेटच्या सर्वेक्षणातही रेषेवरची रोपं असतात. नातवाकडून व्हिडिओ लावून घेणारी आजी वापरकर्ती म्हणायची का? महिन्यातून एकदा दुकानदाराकडून फॉर्म भरून घेणारा शेतकरी? रेषा कुठे ओढली हे विचारल्याशिवाय टक्केवारी वाचू नये, असं माझं ठाम मत आहे.

गैरसमज : 'प्रश्न तर सोपा आहे : नेट वापरता का?'

२०११ च्या जनगणनेत देशातल्या फक्त ३.१ टक्के घरांत इंटरनेट असल्याचं आलं. तेव्हाचा प्रश्न 'संगणक किंवा लॅपटॉप, इंटरनेटसह' असा होता. मोबाइलवरच्या नेटला त्यात जागाच नव्हती.

शब्दाची अडचण याहून खोल आहे. २०१५ मध्ये 'क्वार्ट्झ' या वृत्तसंकेतस्थळानं इंडोनेशिया आणि नायजेरियात करवून घेतलेल्या पाहणीत फेसबुक वापरणाऱ्यांपैकी अनुक्रमे ११ आणि ९ टक्के लोकांनी आपण इंटरनेट वापरत नाही असं सांगितलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांच्या लेखी फेसबुक ही एक वस्तू आणि इंटरनेट ही दुसरी. आपल्या मावशींचं तेच आहे. म्हणून चांगली प्रश्नावली 'इंटरनेट' या शब्दावर थांबत नाही. संदेश पाठवता का, व्हिडिओ पाहता का, पैसे पाठवता येतात का, असं एकेका कामाचं नाव घेऊन ती विचारते. मराठीत विचारताना तर 'आंतरजाल' म्हणून चालत नाही. लोक 'नेट संपलं', 'रिचार्ज मारला' असं म्हणतात, आणि प्रश्नालाही तिथपर्यंत जावं लागतं.

गैरसमज : 'प्रत्येक सर्वेक्षण वेगळा आकडा देतं, म्हणजे कोणावरच विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.'

वेगळे आकडे येतात, कारण प्रश्न वेगळे असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) प्रश्न होता : आयुष्यात कधी इंटरनेट वापरलं आहे का? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७–१८) विचारलं होतं की वापरता येतं का, आणि गेल्या ३० दिवसांत वापरलं का. पाच वर्षांवरील सुमारे २० टक्के लोकांना वापरता येत होतं आणि साधारण १८ टक्क्यांनी महिन्याभरात वापरलं होतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ गेल्या तीन महिन्यांतला वापर धरतो. वयाची चौकटही बदलते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला स्त्रियांचा आकडा १५ ते ४९ वयाचा आहे, म्हणजे पन्नाशी ओलांडलेली बाई त्यात मुळातच नाही.

गैरसमज : 'एक ऑनलाइन फॉर्म फिरवला की झालं सर्वेक्षण.'

नेटवरून विचारलेल्या प्रश्नाला नेट नसलेला माणूस उत्तर देणार कसा? अमेरिकेतलं प्यू रिसर्च सेंटर २००० सालापासून तिथल्या इंटरनेट वापराचा मागोवा घेत आहे. उत्तरं देणाऱ्यांचा त्यांचा कायमस्वरूपी गट आता मुख्यतः ऑनलाइन उत्तरं देतो, पण त्यासाठी माणसं टपालाच्या पत्त्यांतून निवडली जातात आणि ज्यांच्याकडे नेट नाही त्यांना टॅब्लेट आणि जोडणी पुरवली गेली. कोविडच्या काळात आपल्याकडे ऑनलाइन शिक्षणाविषयीचे कितीतरी गूगल फॉर्म पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरले. वर्ग ज्या मुलांपर्यंत पोहोचलाच नाही, त्यांच्यापर्यंत फॉर्मही पोहोचला नाही. त्यांची अडचण मग आकड्यांत दिसणार कुठून?

गैरसमज : 'घरात नेट आहे म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेट आहे.'

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा गैरसमज मला हा वाटतो.

वाढ प्रचंड झाली आहे, हे आधी मान्य करायला हवं. २०१७–१८ मध्ये इंटरनेट असलेली घरं सुमारे २४ टक्के होती : शहरांत ४२ आणि ग्रामीण भागात १५. २०२५ च्या जानेवारी ते मार्च या काळात झालेल्या नमुना सर्वेक्षणात हा आकडा ८६.३ टक्क्यांवर गेला. सात वर्षांत इतका बदल भारतीय घरांत क्वचितच कशाचा झाला असेल.

पण 'घर' नावाचा माणूस नसतो. घराच्या खात्यावर एक 'आहे' जमा होतं आणि त्याची वाटणी कशी झाली हे त्या आकड्यात दिसत नाही. ती वाटणी दिसली कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ज्याची सूत्रं मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून हलतात. या पाचव्या फेरीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के निघाल्या आणि पुरुष ५७.१ टक्के. ग्रामीण स्त्रियांत तर चारांत जेमतेम एक. स्वतः वापरते असा मोबाइल ५३.९ टक्के स्त्रियांकडे होता आणि तो साधाही असू शकत होता. महाराष्ट्रात स्त्रिया ३८ टक्के आणि पुरुष ६१.५ टक्के. गोव्यात ७३.७ आणि ८२.९. आपण स्वतःला पुढारलेलं राज्य म्हणवतो, पण शेजारच्या चिमुकल्या गोव्यातल्या स्त्रिया आपल्याकडच्या पुरुषांच्याही पुढे होत्या. हे वाचून मला वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

हे आकडे मिळाले ते विचारण्याच्या पद्धतीमुळे. या सर्वेक्षणात स्त्रियांना स्त्री-सर्वेक्षक विचारतात आणि पुरुषांना पुरुष, तेही शक्यतो एकांतात. घराच्या वतीनं कर्त्या पुरुषानंच सगळ्यांची उत्तरं दिली असती, तर 'हो, घरात सगळे वापरतात' या एका वाक्यात बायकोची आणि आईची स्थिती झाकून गेली असती.

२०१९–२१ नंतर चित्र निश्चित बदललं आहे. तरी २०२५ मध्ये राज्यात लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी आली, तेव्हा आधारला जोडलेला मोबाइल कोणाचा, ओटीपी कोणाच्या फोनवर येणार, हे प्रश्न लाखो घरांत उभे राहिले. ८६ टक्के घरांच्या आकड्यात या प्रश्नाचं उत्तर नाही. त्या बाईला वेगळं विचारावं लागतं.

गैरसमज : 'सर्वेक्षणवाले आले तर काहीतरी सांगून वाटेला लावावं, एका घरानं काय फरक पडतो?'

२०२५ च्या त्या सर्वेक्षणात सुमारे ३५ हजार घरं निवडली होती. देशातली घरं तीस कोटींच्या आसपास धरली, तर सरासरी एक घर साडेआठ हजार घरांच्या वतीनं बोलत होतं. तुमच्या दारात सर्वेक्षक आला तर तो साडेआठ हजार घरांचं उत्तर मागायला आलेला असतो. ओळखपत्र पाहा, पाणी विचारा. आणि घरातल्या वापराचा प्रश्न आला की स्वतःच उत्तर देऊन टाकू नका. आतल्या खोलीतून सासूबाईंना हाक मारा, ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेला बोलवा, आणि फोन तिच्या हातात किती वेळ असतो ते तिलाच सांगू द्या.