सूत दुसऱ्याचे, वीण आपली

भिवंडीत ‘मजुरीवर चालवतो’ असे कोणी म्हटले की त्याचा अर्थ इथल्या शाळकरी पोरालाही कळतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड किती पन्ह्याचे आणि किती दाट हवे तेही त्यानेच सांगायचे. माग, विजेचे बिल, कारागीर आणि रात्रपाळी मात्र मागवाल्याची. मजुरी ठरते ती पिकावर, म्हणजे इंचात आडवे धागे किती पडले त्यावर. तागा उतरला की व्यापारी मोजून घेऊन जातो. पुढे ते कोरे कापड रंगते, छापले जाते आणि भलत्याच नावाचा शिक्का घेऊन दुकानात जाते. त्यावर भिवंडीचे नाव शोधूनही सापडत नाही.

भारतातल्या ॲनिमेशनचा धंदा बराचसा याच रीतीने वाढला. कथा दुसऱ्याची, पैसा दुसऱ्याचा, नावही दुसऱ्याचे. हात मात्र आपले. मजुरी तिथेही मोजूनच, फक्त पिकाऐवजी सेकंदावर. या धंद्याला आपल्याकडे ज्यांनी आकार दिला ते राम मोहन (१९३१–२०१९) साठाहून अधिक वर्षे मुंबईत चित्रे हलवत राहिले. त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: या माणसाने जवळजवळ सगळे आयुष्य दुसऱ्याच्या सुतावर काम केले आणि वीण मात्र स्वतःची ठेवली.

त्यांच्या आधी काहीच नव्हते असे नाही. भिवंडीजवळून जो रस्ता नाशिकला जातो, त्याच नाशिकात दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, तो काळ १९१५ चा. एक काडी किंचित सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची; पडद्यावर काड्या आपणहून चालू लागायच्या. त्याही आधी, १९१० च्या सुमारास, वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी रोज थोडी थोडी टिपून काही क्षणांत दाखवली होती. १९३४ मध्ये ‘प्रभात’ने रघुनाथ केळकरांचे ‘जंबूकाका’ हे कोल्ह्याचे व्यंगचित्र पडद्यावर आणले. पण हे एकेकट्याचे प्रयोग होते. त्यांच्यामागे शाळा नव्हती, पगार नव्हता आणि पुढच्या वर्षी दुसरा चित्रपट होईल याची खात्री नव्हती. कापड विणले गेले, पण माग बसले नाहीत.

माग बसले ते १९५६ मध्ये, मुंबईत पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. सरकारने तिथे व्यंगचित्रपटांचा स्वतंत्र विभाग काढला आणि तो उभा करायला अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स आले. वीक्स डिस्नेचे जुने कारागीर. ‘स्नो व्हाइट’, ‘बॅम्बी’, ‘पीटर पॅन’ या चित्रपटांवर काम केलेले. शिवाय त्यांचा जन्म भारतातला, मिशनरी आईबापांच्या घरचा. विज्ञान शिकून मुंबईत आलेले पंचविशीतले राम मोहन या पहिल्या तुकडीत दाखल झाले. त्यांच्यासाठी ही पहिली नोकरी होती आणि शाळाही.

त्या शाळेत काय शिकवत, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर कागद ठेवायचा. कागदाला खालच्या बाजूला भोके. ती टेबलावरच्या खुंट्यांत बसली की एकावर एक ठेवलेले सगळे कागद तंतोतंत एका जागी येतात. हरिण उडी मारणार असेल तर मुख्य कलाकार तीन-चार चित्रे काढतो: पाय आवळलेले, हवेत झेपावलेले, जमिनीला टेकलेले. मधली सगळी चित्रे नवशिक्याने भरायची. मग ती रेघ पारदर्शक सेलवर उतरवायची, सेल उलटा करून मागून रंग भरायचा, म्हणजे पुढची रेघ बुजत नाही. शेवटी रंगवलेल्या देखाव्यावर एकेक सेल ठेवून वरून टांगलेल्या कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपायची. सेकंदाला चौकटी चोवीस. प्रत्येक चित्र दोनदा टिपले तरी बारा चित्रे लागतात. दहा मिनिटांच्या चित्रपटाला सात हजार दोनशे. मागावर एक धागा तुटला की कारागीर माग थांबवून गाठ मारतो आणि पुढे जातो. इथे चुकलेले चित्र धुऊन आलेल्या फिल्ममध्येच दिसते आणि मग सगळा प्रसंग पुन्हा टिपावा लागतो.

या तुकडीचे पहिले फळ म्हणजे १९५७ चा ‘द बन्यन डियर’. जातककथेतला हरणांचा राजा एका गाभण हरिणीऐवजी स्वतः मान पुढे करतो, ती गोष्ट. कथा आपली, तंत्र डिस्नेचे. विभागातल्या पुढच्या कलाकारांना जन्मभर हाच प्रश्न पडला: हालचाल तिकडून शिकलो, आता चेहरा, रेघ आणि विनोद कुठून आणायचे?

राम मोहन यांचे उत्तर काटकसरीतून आले. सरकारी पैशात डिस्नेसारखे मऊ, भरलेले अंग पोसणे शक्यच नव्हते. त्यांनी चित्रातली रेघ कमी केली आणि विचार वाढवला. १९६०च्या दशकातल्या ‘होमो सॅप्स’ या छोट्या चित्रपटात माणसाच्या प्रगतीकडे तिरकस नजरेने पाहिले आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शिवाय या चित्रपटांना प्रेक्षक शोधत जावे लागत नव्हते. मुख्य चित्रपटाआधी सरकारमान्य रीळ दाखवणे थिएटरांना सक्तीचे होते, त्यामुळे ही चित्रे देशभरच्या थिएटरांत पोचली. मुंबईच्या एअरकंडिशन थिएटरात गेली तशी पाळी संपवून खेळाला बसलेल्या मागकामगारांसमोरही गेली. लोक तेवढ्या वेळात शेंगदाणे घ्यायला उठत, हेही खरेच. पण लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळेल असे चित्र काढण्याची सवय या सक्तीनेच लावली.

१९६८ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. काही वर्षे प्रसाद प्रॉडक्शन्सचा ॲनिमेशन विभाग सांभाळला आणि १९७२ मध्ये ‘राम मोहन बायोग्राफिक्स’ ही स्वतःची संस्था काढली. आता पगार बंद, मजुरी सुरू. जाहिराती, प्रचारपट, चित्रपटांची नामावली, गाण्यातला एखादा तुकडा, येईल ते काम. कोणी म्हणेल, इथे कलावंत मागे पडला. प्रत्यक्षात त्यांची ओळखू येणारी बरीच कामे सरकारी नोकरी सोडल्यानंतरची आहेत. मृणाल सेनांच्या ‘भुवन शोम’मधली ॲनिमेशनची चित्रे त्यांची. सत्यजित रायांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये (१९७७) इंग्रज एकेक संस्थान कसे गिळत गेले ते सांगणारा हलता तुकडा आहे, तिथे राज्ये चेरीच्या फळासारखी तोंडात जातात. खुद्द राय चित्रकार आणि रेघेचे जाणकार. त्यांनी हे काम मुंबईच्या माणसाकडे दिले, यातच पावती आली. दुसरीकडे ‘पती पत्नी और वो’, ‘दो और दो पाँच’ अशा धंदेवाईक हिंदी चित्रपटांतही त्यांची चित्रे हलली. राय आणि बॉलिवूड एकाच टेबलावर, एकाच मजुरीसाठी. मागाला सूत रेशमाचे की सुताडे, हे विचारून चालत नाही.

याच पेडर रोडच्या शाळेतून दुसरे एक नाव पुढे आले: भीमसेन. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ आज पन्नाशीत असलेल्या प्रत्येकाला दूरदर्शनमुळे पाठ आहे. त्यातली चित्रे भीमसेनांची, संगीत वसंत देसाईंचे आणि चित्रपटामागचे डोके विजया मुळे यांचे. मुंबईत जन्मलेल्या या मराठी बाईंनी मुलांना काय कळते आणि काय नाही याचा आयुष्यभर अभ्यास केला. हा चित्रपटही शैक्षणिक, सरकारी, कमी पैशातला. मोठे कलाकार आणि मोठा पैसा एकत्र येऊन आपल्याकडे जे जमले नाही, ते अशा कामांतून जमले.

पैसा आला तो जपानमधून, आणि सोबत वादही. युगो साको हे जपानी माहितीपटकार अलाहाबादजवळच्या उत्खननावर काम करायला १९८३ मध्ये भारतात आले आणि रामायणाने भारावून गेले. रामकथा ॲनिमेशनमध्ये आणायची, असे त्यांनी ठरवले. परकीय माणूस आपल्या देवाचे व्यंगचित्र करणार म्हणून विश्व हिंदू परिषदेकडून विरोधाचे पत्र गेले, सरकारने सहनिर्मिती नाकारली आणि चित्रपट टोकियोत उभा राहिला. कोइची सासाकींबरोबर दिग्दर्शनात राम मोहन होते. हे काम नुसते हालचालीचे नव्हते. नमस्कार करताना हात कुठे टेकतात, धोतराचा काष्टा कसा बसतो, वडीलधाऱ्यांसमोर माणूस कसा उभा राहतो, हे जपानी कलाकाराला कागदावर दाखवावे लागते. चित्रपट सव्वादोन तासांचा. आपल्या आधीच्या हिशेबाने दोनदा टिपायचे म्हटले तरी लाखाच्या घरात चित्रे. संगीत वनराज भाटियांचे. ‘रामायण: द लीजंड ऑफ प्रिन्स राम’ जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेल्याला जेमतेम महिना झाला होता. रामाचे नाव घेणारा चित्रपट त्या हवेत थिएटरांत लावायला कोण धजणार? पुढे दूरदर्शन संचांवर मुलांनी तो पाहिला आणि अरुण गोविलांच्या आवाजातला हिंदी राम त्यांच्या लक्षात राहिला. ज्या चित्रपटात राम मोहन यांना हवे तितके हात आणि हवा तितका वेळ मिळाला, त्यालाच प्रेक्षक वेळेवर मिळाला नाही.

त्यांचे सगळ्यांत दूर गेलेले काम मात्र नऊ वर्षांच्या एका मुलीचे आहे. बांगलादेशातल्या युनिसेफला दक्षिण आशियातल्या मुलींवर गोष्टी करायच्या होत्या. चार देशांत चालेल असा चेहरा आणि कुठल्याच एका देशाचा शिक्का न बसणारा पोशाख हवा होता. कागदावर चित्रे काढून गावोगावी लोकांना दाखवली, बदलली, पुन्हा दाखवली. त्यातून मीना जन्मली. सोबत भाऊ राजू आणि मिठू पोपट. कोंबड्यांच्या गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत, म्हणून ती मिठूला पाठवते. पोपट खिडकीत बसून आकडे ऐकतो आणि घरी येऊन तिला शिकवतो. ती कोंबड्या मोजते, एक कमी भरते आणि चोर सापडतो. बाप मुलीला शाळेत घालतो. आंब्याच्या गोष्टीत मोठा वाटा राजूला मिळतो. मग भाऊबहीण एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि संध्याकाळी राजूला आपल्या वाट्याचा अर्थ कळतो. उपदेश एका वाक्याचाही नाही, हिशेब मात्र चोख. शिवाय इथे सूत दुसऱ्याचे असले तरी पात्र त्यांनी घडवलेले होते. बांगलादेशात आजही २४ सप्टेंबरला मीना दिवस पाळतात.

नव्वदीच्या अखेरीस परदेशी मालिकांचे काम भारतात येऊ लागले, तेव्हा त्यांची संस्था यूटीव्हीबरोबर जोडली गेली आणि यूटीव्ही टून्स उभी राहिली. संगणक आला, सेल गेले. पुढे ‘ग्राफिटी’ या ॲनिमेशन संस्थेत ते होते, २००६ मध्ये तिथे शाळा निघाली आणि पंचाहत्तरीचे राम मोहन पुन्हा चित्राची हालचाल शिकवू लागले. २००५ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्याच परंपरेतले व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ थिएटरांत चालला, तेव्हा पूर्ण लांबीचा देशी ॲनिमेशनपट विकला जाऊ शकतो हे दिसले. तो राम मोहन यांनी केला नाही. स्वतःच्या मनातली, स्वतःच्या पैशाने केलेली पूर्ण लांबीची गोष्ट त्यांच्या नावावर नाही.

हा दोष त्यांचा म्हणावा का? म्हणता येणार नाही. मजुरीवर चालणाऱ्या धंद्यात कारागिराच्या हाती शिल्लक राहते ते कसब, आणि ते दुसऱ्याला दिले तरच टिकते. राम मोहन यांनी ते तीन पिढ्यांना दिले. पण धंद्याचा हिशेब वेगळा आहे. भिवंडीचा मागवाला आणि मुंबईचा ॲनिमेटर दोघेही उत्तम माल देतात आणि दोघांनाही भाव दुसरा ठरवतो. सूत स्वतः विकत घ्यायची ऐपत येईतो हे बदलणार नाही.

२०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी ते गेले. साको-सासाकींबरोबर केलेला रामायणाचा चित्रपट स्वच्छ करून २४ जानेवारी २०२५ रोजी भारतभरच्या थिएटरांत पुन्हा लागला. जाहीर झालेल्या भाषा होत्या हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी. मराठी त्यांत नव्हती.