एक बैल, तीन कायदे

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले खांदे शेकायचे, त्यांना हळद आणि तूप चोळायचं आणि कानाशी जाऊन म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, पुरणपोळी, मिरवणूक. तिसऱ्या दिवशी पुन्हा जू. या रिवाजात भाबडेपणा असेल, पण ढोंग नाही. ज्याच्याकडून काम घेतो त्याचं आपण काही देणं लागतो, हे त्यात उघड मान्य केलेलं आहे. नेमकं काय देणं लागतो, हा हिशेब मात्र पोळ्याला कुणी मांडत नाही. तो कायद्याच्या पुस्तकांत शोधायला गेलं तर महाराष्ट्रातल्या बैलासाठी तीन कायदे सापडतात आणि तिघांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिला १९६० चा, प्राण्यांशी क्रूरपणे वागण्याला बंदी घालणारा. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडलं, विषय धसाला लावला, तेव्हा सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. त्याच्या कलम ११ नुसार जनावराला बडवणं, पेलणार नाही एवढं ओझं लादणं, जखमी असताना जुंपणं, उपाशी ठेवणं हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. त्या काळी ५० रुपये मजुराला जड गेले असते. आज तेवढ्यात दोन माणसांचा चहा-वडापावसुद्धा धड होत नाही.

दुसरा कायदा शर्यतींचा. विदर्भात शंकरपट, खेड-जुन्नरकडे चढाच्या घाटात पळणारा गाडा, त्याच्यापुढे धावणारी घोडी, आणि बारी किती सेकंदांत बसली यावर ठरणारी गावाची इज्जत. केंद्रानं २०११ मध्ये प्रदर्शनासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. बैल घोड्यासारखा पळण्यासाठी घडलेला नाही, त्याला पळवायचं तर भीती आणि वेदना यांचाच आधार घ्यावा लागतो, असं त्या निकालाचं म्हणणं होतं. शेपटी पिरगाळणं, चावणं, पराणी टोचणं यांची वर्णनं कोर्टापुढे होतीच. भूक-तहान, भीती, वेदना यांपासून सुटका आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागायची मोकळीक हे प्राण्याचे हक्कच आहेत, इथवर न्यायमूर्ती गेले.

मग २०१७ मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला, उच्च न्यायालयानं तो अडवला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केलं. प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा दाखला नाही आणि परंपरा कोणती हे विधिमंडळानं ठरवावं, असा त्याचा सूर. शर्यतीत बैलाला इजा केली तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे तीच पराणी, तोच बैल. घाटात टोचली तर पाच लाख, वावरात टोचली तर पन्नास. प्रेक्षक असले की बैलाची कातडी महाग होते!

गाडामालकांचा युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ट्रॅक्टरनं बैलाचं काम काढून घेतलं. शर्यत नसेल तर खिल्लार खोंड कोण पोसणार, असं ते विचारतात. पण त्यात बाजू मांडली जाते ती खिल्लार जातीची. आज घाटात उभ्या असलेल्या एका बैलाच्या पाठीचं काय, हा प्रश्न तसाच राहतो.

तिसरा कायदा २०१५ चा. गाईंच्या हत्येवर १९७६ पासून बंदी होतीच, तीत बैल आणि वळूही आले. विधेयक १९९५ चं, राष्ट्रपतींची मंजुरी २० वर्षांनी. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये हत्याबंदी कायम ठेवली. म्हातारा बैल बाजारात विकून नव्याला पैसा उभा करायचा हा शेतकऱ्याचा जुना मार्ग त्यामुळे बंद झाला. आता तिन्ही कायदे शेजारी ठेवून पाहा. बैल कापला तर पाच वर्षं. दावणीला उपाशी ठेवून मरू दिला तर पन्नास रुपये. बैलाला काय दुखतं याचं मोजमाप यात कुठेच नाही. आपल्याला काय खुपतं, एवढंच मोजलेलं आहे.

तत्त्वज्ञांनी हा पेच सोडवला आहे असंही नाही. प्राणी बोलतात का, विचार करतात का हे गौण, त्यांना दुःख होतं का ते सांगा, असं जेरेमी बेंथमनं १७८९ मध्येच बजावलं. पीटर सिंगरनं १९७५ मध्ये त्यावर आजची प्राणिमुक्तीची मांडणी उभी केली. दुसऱ्या बाजूला अमेरिकन वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड. त्याचं १९४९ मधलं म्हणणं असं, की माती, पाणी, झाडं, जनावरं या सगळ्या समूहाचं भलं ज्यात आहे ते योग्य. एकट्या जिवाची वेदना आणि समूहाचं भलं, यांत भांडण लागलं तर?

ते लागलंच, आणि पुन्हा आपल्या बैलापाशी. लंगडणाऱ्या जनावराला वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफेनॅक टोचलं जाऊ लागलं. स्वस्त, गुणकारी, आणि हेतू निखळ दयेचा. असं जनावर मेलं की गावाबाहेर टाकायचं, गिधाडं ते साफ करायची. त्या मांसातल्या औषधानं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत गेली. १९९० च्या दशकात ती पटापट मरू लागली. कारण शास्त्रज्ञांना सापडलं २००४ मध्ये. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. मृतदेह गिधाडांच्या हवाली करणाऱ्या पारशी समाजाला मुंबईच्या दोखम्यांत सौरऊर्जेची सोय पाहावी लागली. २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद झालं, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकही गेलं. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम मिळतं, म्हणून निदान इथे तरी बैल की गिधाड अशी निवड करावी लागत नाही. पण दया एकाच जिवावर नजर ठेवून केली, तर ती दुसऱ्याच्या मुळावर येते, याचं इतकं रोकडं उदाहरण दुसरं नसेल.

हक्कांची ही भाषा प्राण्यांवर थांबली नाही, नद्यांपर्यंतही गेली; त्याचं थोडक्यात. देवतेची मूर्ती कायद्यानं व्यक्ती ठरते, त्याच धर्तीवर उत्तराखंड उच्च न्यायालयानं मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनेला व्यक्तीचा दर्जा दिला. जुलैत सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. पुरात माणसं वाहून गेली तर दावा कुणावर, हा राज्य सरकारचा प्रश्न होता. न्यूझीलंडनं त्याच वर्षी वांगानुई नदीला असा दर्जा दिला, पण सोबत तिच्या वतीनं बोलणारे पालक आणि पैसाही दिला. त्याशिवायचा दर्जा म्हणजे नुसता सत्कार, आणि सत्कार आपल्या नद्यांना रोज संध्याकाळी आरतीचा मिळतोच आहे.

त्यामुळे मला मोठ्या घोषणांपेक्षा १९६० च्या कायद्याचं कलम ११ महत्त्वाचं वाटतं. शिक्षा वाढवा, असं २०१४ च्या निकालात संसदेला सांगितलेलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला, हरकती-सूचना मागवल्या. त्याचा कायदा झालेला नाही. आपल्या खासदाराला पुढच्या भेटीत एवढं एकच विचारा: तो मसुदा अडला कुठे?