बर्फ गेल्यावरची औली

मे महिन्याच्या अखेरीस उत्तराखंडातल्या औलीच्या स्कीइंगच्या उतारावर खेचरं चरत असतात. ज्या ठिकाणी जानेवारीत लोक वेगाने खाली घसरतात, तिथेच उन्हाळ्यात आपण धापा टाकत वर चढतो. 'बर्फच नाही, तर बघायचं काय?' असं मलाही निघताना विचारलं गेलं होतं. खरं तर बर्फाखाली काय असतं, ते तेव्हाच बघायला मिळतं.

चढ सुरू झाला की पहिल्यांदा उंची जाणवते. गाडीरस्ता संपतो तिथेच आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा, म्हणजे 1,646 मीटरपेक्षा, सुमारे नऊशे मीटर वर असतो. सह्याद्रीत भराभर चालणारी पावलं इथे आपोआप आखडतात. गाईड सांगतात तीच चाल बरी: बोलता बोलता चढता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की थांबायचं.

उताराच्या कडेने या जागेची यंत्रसामग्री उघडी पडलेली दिसते. चेअरलिफ्टचे खांब, खाली-वर फिरणाऱ्या खुर्च्या आणि सर्वांत वर सुमारे तीन हजार मीटरवर खोदलेला तलाव. पर्यटक त्यात शिखरांचं प्रतिबिंब शोधतात, पण तो बांधला कृत्रिम बर्फासाठी. दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा 2011 मध्ये इथे झाल्या, त्या सुमारास ही सोय उभी राहिली. तलावातलं पाणी दाबाने यंत्रांपर्यंत न्यायचं, हवेच्या झोतात बारीक तुषार उडवायचे आणि ते जमिनीवर पडेपर्यंत गोठवायचे. मात्र गोठवण्याचं काम थंडीच करते. हवा पुरेशी गार आणि कोरडी नसेल, तर यंत्र नुसतंच पाणी उडवतं. हिमवर्षाव कमी झाला म्हणून यंत्र आणलं, पण थंडीही कमी पडली तर त्याचाही उपयोग नाही.

तलाव मागे टाकून पायवाट खरसूच्या जंगलात शिरते. ओकच्या जातीचं हे झाड. पानांच्या कडा काटेरी, खोडावर शेवाळाचे थर. सुमारे तीन किलोमीटर चालल्यावर झाडं संपतात आणि गोरसों बुग्याल सुरू होतं. बुग्याल म्हणजे झाडांच्या हद्दीवरचं उंच कुरण. हवा स्वच्छ असेल तर समोर 7,816 मीटरची नंदादेवी आणि 7,066 मीटरचं द्रोणागिरी उभं असतं. दुपारी बहुधा ढग चढतात, म्हणून पहाटे निघावं.

मी मात्र इथे बराच वेळ खाली वाकून पाहत होतो. गवताची मुळं एकमेकांत घट्ट विणलेली, पण खालची माती पातळ. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतचे थोडे महिनेच या गवताला वाढायला मिळतात. वळण टाळून सरळ उतरणाऱ्या पावलांनी जिथे गवत उखडलं आहे, तिथे मातीची उघडी चर दिसते. पावसाळ्यात पाणी त्याच चरीतून धावतं आणि ती रुंदावत जाते. हाच उतार हिवाळ्यात बर्फ धरून ठेवतो, आणि त्याला धरून ठेवतं ते हे गवत. उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली, तिचं कारण इथे डोळ्यांनी दिसतं.

या उताराच्या पायथ्याशी जोशीमठ आहे. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं असल्याने तिथे जड बांधकामं नकोत, असं सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने 1976 मध्येच सांगितलं होतं. जानेवारी 2023 मध्ये तिथली घरं तडकली आणि औलीला येणारा चार किलोमीटरचा रोपवेही थांबवावा लागला.

तेव्हा औलीला उन्हाळ्यात जरूर जा; बर्फ नसला तरी बघण्यासारखं खूप आहे. फक्त उतरताना गुडघे कुरकुरले, तरी मळलेली वाट सोडू नका. वाचलेली दहा मिनिटं तुमची असतात, पण पडलेली चर पुढची कित्येक वर्षं त्या डोंगराला भोगावी लागते.