दोंडाईच्याची मिरची समुद्रात काळी!

जळगाव-धुळ्याला समुद्र नाही. तापी सगळं पाणी घेऊन सुरतेकडे निघून जाते, आपण काठावर उभे. पण पाणबुडी? ती इथे शेताशेतात आहे. बोअरमध्ये सोडलेल्या मोटरीला आपण दुसरं काय म्हणतो?

ती अडकली की केबलचं रीळ, कॅमेरा आणि छोटा पडदा घेऊन एक माणूस येतो आणि त्याच्याभोवती निम्मी गल्ली गोळा होते. "काय दिखी ऱ्हायनं भो?" पडद्यावर नुसता पिवळट धूर! पाण्याखालच्या यंत्रमानवाला डोळे देण्यावर पीएचडी करणाऱ्यांची उमेदीची वर्षं याच एका प्रश्नापायी जातात.

पाणी मोठं लबाड. ते सगळ्यात आधी लाल रंग खातं. स्वच्छ समुद्रातसुद्धा दहा मीटर खाली लाल जवळजवळ संपतो. दोंडाईच्याची मिरची तिथे नेली तर काळपट दिसेल. रावेरची पिकलेली केळी आणखी खोल तग धरतील, पण हिरवट होत होत. म्हणजे व्यापाऱ्याला भाव पाडायला आणखी एक निमित्त! हा खाल्लेला रंग परत मिळवण्याची 'सी-थ्रू' नावाची पद्धत 2019 मध्ये डेर्या अक्कायनाक आणि ताली ट्रेबिट्झ या दोघींनी मांडली. संगणक आधी फोटोतली प्रत्येक वस्तू किती लांब आहे ते काढतो, मग तेवढ्या अंतरात पाण्याने किती रंग गिळला त्याचा हिशेब चुकता करतो.

अंतराचीही फसवणूक आहेच. काचेमागून पाण्यात पाहिलं की चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर वाटतो. यंत्राचा हात म्हणूनच हवेत चाचपडतो. म्हणजे पाण्यात.

खाली जीपीएस नाही. रेडिओलहरी पाण्यात लगेच दम तोडतात. आवाज मात्र सुसाट, सेकंदाला साधारण 1500 मीटर, हवेतल्या चौपटीहून जास्त. त्यामुळे ही यंत्रं डोळ्यांइतकाच कानांवर भरवसा ठेवतात.

आणि दाब? दर दहा मीटरला एक वातावरण वाढतं. चेन्नईत तयार होत असलेली 'मत्स्य 6000' ही पाणबुडी तिघांना घेऊन सहा हजार मीटर खाली जायची आहे. तिथे नखाएवढ्या जागेवर सहा क्विंटलचा भार. बोटाच्या नखावर सहा क्विंटल कापूस रचून बघा, म्हणजे त्या तिघांना बसायला टायटॅनियमचा गोळा का लागतो ते कळेल.

नावं ठेवण्यात आपली मंडळी एकमताची. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांची स्वयंचलित पाणबुडीही 'मत्स्य'च! ती अमेरिकेतल्या रोबोसब स्पर्धेत उतरते. तिथे रिमोट चालत नाही. दार ओळखणं, खुणा शोधणं, आवाजाचा माग काढणं, सगळं यंत्राने आपल्या डोक्याने करायचं. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मात्र आपल्या पाणबुडीला 'माया' म्हटलं. पाण्याचा स्वभाव ओळखूनच ठेवलं असावं. तिथलाच 'सी-बॉट' प्रवाळांवर नजर ठेवायला 2022 मध्ये आला.

पण माझं मत विचाराल तर पहिला मान आपल्या आज्यांचा. विहिरीत घागर पडली की एकजण काठावर आरसा धरून उन्हाचा कवडसा तळाशी पाडायचा, दुसरा समोरून डोकावायचा आणि तिसरा गळ सोडायचा. प्रकाश, कॅमेरा, हात! त्यातही उजेड एका बाजूने आणि डोळा दुसऱ्या बाजूने, ही खरी हुशारी. आजच्या पाणबुड्यांवर दिवे कॅमेऱ्यापासून लांब दांड्यांवर बसवतात ते याचसाठी. दिवा भिंगाजवळ असला की पाण्यातले कणच उजळतात आणि त्यांच्यामागचं काही दिसत नाही.

तेव्हा यंदा विहिरीत बादली पडली आणि पाण्यात चालणारा कॅमेरा सोडायची हौस आली, तर त्याचा स्वतःचा टॉर्च बंद ठेवा. पाण्यात चालणारा दुसरा टॉर्च वेगळ्या दोरीने, हातभर बाजूला सोडा. आणि गाठ पक्की मारा, नाहीतर शेजाऱ्याकडे गळ मागायला जावं लागेल.