हळद : डब्यातील आणि गोळीतील

सुकी हळद जैन स्वयंपाकघरात नित्याची. ओली मात्र कंदमूळ म्हणून वर्ज्य. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. हळदीतील करक्युमिन हा घटक दाहशामक मानला जातो; परंतु हळदीत तो साधारण ३ टक्केच असतो आणि शरीरात अल्पच शोषला जातो. स्निग्ध पदार्थ व मिरी यांच्या संगतीने शोषण वाढते. म्हणूनच तेल-तुपाच्या फोडणीतील हळद सार्थ ठरते.

गोळ्यांचा हिशेब निराळा. त्यांत अर्क एकवटलेला असतो. विशेषतः मिरीच्या अर्काची जोड असलेल्या गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना त्या घेऊ नयेत. आमटीतील चिमूटभर हळदीस मात्र चिठ्ठी लागत नाही.