शुजाउद्दौल्याची पक्षनिवड : पत्रांतील जातिधर्म व करारांतील मागणी

पानिपतपूर्व राजकारणाच्या पत्रव्यवहारांत स्वधर्म, स्वजाति, आपला आणि परका यांची भाषा वारंवार आढळते. ती दिसतांच लिहिणाराचा पक्ष ठरला, असें मानण्याकडे वाचकाचा कल होतो. आमच्या मतें अशी भाषा हा निष्ठेचा दाखला नसून बहुधा बोलणें लावण्याचा आरंभ असतो. इ. स. १७६० मध्यें अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला अबदालीस कां मिळाला, या प्रकरणावरून हें स्पष्ट करूं.

शुजा इराणी वंशाचा व शिया पंथाचा. अबदालीचा हस्तक नजीबखान रोहिला अफगाण व सुनी. दोन्ही पक्षांत जुनें वैर होतें. शुजाचा बाप सफदरजंग यानें १७५१ त बंगश व रोहिले यांजविरुद्ध मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे यांची कुमक घेतली, व १७५२ त अबदालीपासून बादशाहीच्या रक्षणाचा करारही मराठ्यांशींच केला. म्हणजे धर्माकडे पाहिलें तर शुजानें अबदालीकडे जावें, पंथ, वंश व पूर्वसंबंध पाहिले तर त्याजपासून दूर राहावें. एकच पुरुष अनेक समूहांचा असतो. त्यांतील आपल्या सोयीचा समूह प्रत्येक पक्ष पुढें करतो.

तसेंच घडलें. नजीबखान स्वतः भेटीस जाऊन दीनाचें नांव घेऊं लागला. सदाशिवरावभाऊंच्या बाजूनें अबदाली परका, आपण हिंदुस्थानचे, असें बोलणें झालें. वजिरीचें आमिष उभयतांनींही दाखविलें. तेव्हां फरक वचनाचा नव्हता, भरंवशाचा होता. अबदालीची फौज गंगातीरीं अनूपशहरास, शुजाच्या मुलखाजवळ होती. भाऊंची यमुनेपलीकडे, आणि नदी पावसानें भरलेली. शिवाय पेशवे काशीप्रयागाची मागणी पूर्वींपासून करीत आले होते. लढाईनंतर जो आपल्या देशीं परत जावयाचा, त्यापेक्षां जो शेजारीं राहावयाचा त्याचें भय अधिक. जुलै १७६० त शुजा अबदालीच्या छावणींत दाखल झाला.

उलट बाजूसही हाच न्याय लागतो. सुरजमल जाटाच्या आश्रयास गाजीउद्दीन वजीर होता. तीच वजिरी भाऊ शुजास देऊं करीत होते. पद एक, उमेदवार दोन. सुरजमल दिल्लीहून निघून गेला, त्याच्या कारणांत हें एक होतें. जयपूरचा माधोसिंग व मारवाडचा बिजेसिंग हे मराठ्यांचे सधर्मी खरे, परंतु खंडणीचा जाच, १७५१ तील जयपूरची मराठ्यांची कत्तल व १७५५ तील नागोर येथें झालेला जयाप्पांचा खून, इतक्या गोष्टी मध्यें आड होत्या. ते मदतीस आले नाहींत.

छावण्यांची रचनाही पाहण्यासारखी आहे. अबदालीच्या बाजूस शुजाबरोबर अनूपगीर व उमरावगीर गोसावी होते. भाऊंच्या तोफांमागें इब्राहिमखान गारदी. शुजाच्या पदरचा काशीराज पंडित तहाच्या बोलण्यांत होता व त्यानेंच पुढें फारशींत पानिपतची हकीकत लिहिली. विजयानंतर अबदालीनें त्याचें वर्णन करणारें पत्र धाडलें तें जयपूरच्या माधोसिंगास.

यावरून समूहभावना निरर्थक होती असें मात्र कोणीं समजूं नये. कोणाशीं बोलणें सुरू करतां येईल हें तिनेंच ठरे. आणि करार झाल्यावर लोकांपुढें समर्थनही तीच पुरवी. दीनाच्या नांवामुळें शुजास जुन्या शत्रूच्या गोटांत मानानें जातां आलें. पण त्या दोन टोकांच्या मध्यें जें घडलें तें पद, मुलूख आणि भय यांच्या हिशेबानें.

संग्राहकांनीं यांतून एक सावधगिरी घ्यावी. रुमालांतील कित्येक पत्रांवर नुसता चंद्र असतो, सन नसतो. अशा वेळीं 'धर्माची भाषा आहे, म्हणून पत्र अबदालीच्या स्वारींतलें' असा निर्णय देणें म्हणजे जें सिद्ध करावयाचें तेंच गृहीत धरणें होय. शुजाच्या नांवचें एखादें पत्र जुलै १७६० च्या आधींचें कीं नंतरचें, यावर त्याचा सारा अर्थ फिरतो. म्हणून प्रथम स्थळ, माणसें व फौजांचे मुक्काम यांवरून काल ठरवावा. मग पत्र कोणास लिहिलें तें पाहावें. आणि मायन्यापेक्षां अखेरच्या मागणीकडे अधिक लक्ष द्यावें. मायना समूहाचा असतो, मागणी लिहिणाराची असते.