रिटर्नच्या खालची ओळ
सांगलीचं वालचंद असो की सातारा जिल्ह्यातलं कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी, कुठल्याही संगणक-लॅबमध्ये जमेल असा प्रयोग. सी भाषेत ‘रिटर्न’खाली एक ओळ लिहा. ती कधीच चालणार नसते, तरी जीसीसी कंपायलर चकार शब्द काढत नाही. जावा मात्र तिथंच अडून बसतो. पण तीच ओळ ‘इफ (फॉल्स)’मध्ये टाकली की गुपचूप खपवून घेतो!

सी कंपायलरनं ती निरुपयोगी ओळ खरंच छाटली का? तिथं नुसतं जाहीर केलेलं, पण कुठंच न लिहिलेलं फंक्शन बोलवा. तुकडे जोडणारा लिंकर कुरकुरला नाही, तर छाटली. जीसीसीच्या स्वतःच्या चाचण्यांतही ही नामी युक्ती आहे.

हा पोरखेळ नव्हे. २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षा-कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडल्याचं उघडकीला आलं. त्यामुळं पुढची सही-पडताळणी चालतच नव्हती. कोड कधीच चालणार नाही, हे क्लँग कंपायलर नेहमीच्या सूचनांत सांगत नाही. त्यासाठीचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो.